फळांच्या साली मागायला आलेल्या बाई

नफिसाबाई मुकादम यांची आणि माझी पहिली भेट कचऱ्याच्या पिंपांपाशी झाली. मी तेव्हा कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये स्वयंपाकघराची देखरेख करत होते. शनिवार-रविवार पाहुण्यांची गर्दी असे आणि सोमवारी सकाळी आमच्या मागच्या अंगणात अननसाच्या साली, फोडलेली शहाळी, कलिंगडाच्या फाकी आणि मोसम असला तर चिकाने माखलेली फणसाची सालपटे यांचा ढीग पडलेला असे. त्यावर चिलटे घोंघावत. शेजारचे शेतकरी वासाची तक्रार करत. कचरा उचलणारा येईल तेव्हा येई.

अशाच एका सोमवारी फाटकाशी एक टेंपो थांबला. चालकाच्या बाजूने पांढऱ्या दाढीचे एक उंच गृहस्थ उतरले आणि दुसऱ्या बाजूने फिकट निळ्या साडीतल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या एक बाई. त्या कोणाला काही न विचारता सरळ ढिगापाशी गेल्या, वाकल्या, अननसाची एक साल उचलून त्यांनी तिचा वास घेतला आणि माझ्याकडे वळून विचारले, “ही कालची आहे की परवाची?”

मला वाटले, या तपासणीला आलेल्या आहेत. मी घाईघाईने म्हणाले, “मॅडम, आजच उचलणार आहोत सगळं.”

“उचलू नका. मला द्या,” बाई म्हणाल्या. “कलिंगड तेवढं नको. त्यात नुसतं पाणी असतं.”

आमचा कचरा कोणी मागायला येईल आणि वर त्यातूनही निवडून घेईल, हे मला नवीन होते. कशाला हवा म्हणून विचारले तर उत्तर आले, “अळंबी लावायची आहे.” त्यांचे पती दाऊदभाई टेंपोत पोती चढवताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “ताई, तुम्ही नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. आता हे सगळं माझ्या अंगणात जाणार.”

त्या दिवशी सुरू झालेला आमचा संबंध आज बाईंच्या पंच्याहत्तरीपर्यंत येऊन पोहोचला आहे. बाईंचे विद्यार्थी या गौरवग्रंथात त्यांच्या शाळेतल्या दिवसांविषयी लिहितीलच. मी त्यांच्या वर्गात कधी बसले नाही. मी त्यांच्या हाताखाली शिकले ते निवृत्तीनंतर, लोधिवलीच्या त्यांच्या शेडमध्ये. म्हणून मी तेवढेच सांगणार आहे.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा लोधिवलीतल्या काही महिला अळंबी लागवडीचे प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. अळंबीच्या ज्या जातीला धिंगरी म्हणतात, ती पेंढ्यावर छान येते, हे त्यांना शिकवले होते. पण पेंढा आणायचा कुठून? भातशेती कमी झालेली. जो थोडा पेंढा निघे तो गोठ्यात लागे. मंदाताई या गटाच्या प्रमुख. त्यांच्या ओटीवर बैठक भरली होती आणि बाईंना विज्ञानाच्या शिक्षिका म्हणून सल्ल्यासाठी बोलावले होते. कोणी म्हणाले, गोठ्यातला अर्धा पेंढा घेऊ, गुरांना दुसरे काही घालू. मंदाताईंची गाय तिथेच बांधलेली होती. बाई तिच्याकडे पाहत म्हणाल्या, “गुरांच्या तोंडचा घास काढून आपण अळंबी पिकवायची नाय.”

“मंग कशावर पिकवायची, बाई?” मंदाताईंनी विचारले.

“केळीचा घड उतरवला की खुंटाचं काय करता?”

“टाकून देतो.”

“फणसाच्या सालींचं?”

“त्या पण टाकतो.”

“मग जे टाकता त्याच्यावर करून बघू.”

मंदाताई ही गोष्ट अजून सांगतात आणि सांगताना एक पुस्तीही जोडतात. पुढे अनुभवाने कळले की फळांच्या सालींत थोडा पेंढा मिसळल्याशिवाय भागत नाही. तेव्हा बाईंनी ते लगेच मान्य केले. आपले म्हणणे राखण्यासाठी पीक बुडवणाऱ्यांतल्या त्या नव्हेत.

साली नेल्यानंतर त्यांचे काय होते, याची मला उत्सुकता होती. सुट्टीच्या दिवशी मी लोधिवलीला गेले. बाईंच्या घरामागे कौलारू शेड होती. आत शिरताच असा वास आला की मी दारातच थबकले. अननसाच्या ओल्या साली कापून, त्यांत अळंबीचे बियाणे घालून पिशव्या टांगल्या होत्या आणि त्या सगळ्या आंबल्या होत्या. काही पिशव्यांवर हिरवी बुरशी चढली होती. दाऊदभाई अंगणातल्या खुर्चीवर नाकाला रुमाल लावून बसले होते. ते म्हणाले, “हिला सांगा कुणीतरी. शेजारी विचारतात, दाऊदभाई, म्हातारपणी दारू गाळायला लागलात का? मोहल्ल्यात तोंड कसं दाखवू मी?”

बाई हसत होत्या. पिशव्या भरणाऱ्या महिला मात्र खाली मान घालून बसल्या होत्या. बाईंनी त्यांना सांगितले, “हे माझं चुकलंय, तुमचं नाय. साखर असलेली ओली साल घेतली, ती आंबणारच. मी शाळेत शिकवत होते आणि इथं विसरले.” मग त्यांनी सगळ्यांसाठी चहा टाकला. चहा झाल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून त्या पिशव्या फणसाच्या झाडांच्या बुंध्याशी पुरल्या. पाहुणी म्हणून गेलेली मी, संध्याकाळी कोपरापर्यंत मातीने भरून घरी आले.

पुढचा उन्हाळा बाईंनी वाया जाऊ दिला नाही. साली, केळीचे खुंट आणि शहाळ्यांची सालपटे यांचे बारीक तुकडे करून ते कडक उन्हात वाळवायचे, हे ठरले. लोधिवलीच्या गच्च्यांवर पापड-कुरडयांच्या शेजारी फणसाच्या साली वाळू लागल्या. वाळलेला माल भिजवून, धुऊन, गरम पाण्यातून काढायचा, निथळायचा आणि मुठीत दाबला तर पाण्याचा थेंब गळणार नाही इतपत ओला ठेवायचा. मग थोडा पेंढा मिसळून, मध्ये मध्ये बियाणे पसरून पिशव्या भरायच्या आणि अंधाऱ्या खोलीत ठेवायच्या. पिशवी आतून पांढऱ्या धाग्यांनी भरली की तिला हवा आणि पाणी दाखवायचे. हे आज आम्ही नव्या माणसाला एका दमात सांगतो. त्यातला प्रत्येक शब्द ठरायला तेव्हा एकेक खेप फसावी लागली होती.

पाऊस सुरू झाल्यावर एका सकाळी बाईंचा मला फोन आला. “रंजना, येऊन जा गं,” एवढेच त्या म्हणाल्या. मी गेले तेव्हा शेडमध्ये पिशव्यांच्या छिद्रांतून राखाडी-पांढऱ्या पाकळ्यांचे घोस बाहेर आले होते. मंदाताई एका पिशवीपुढे उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. बाईंनी पहिला घोस स्वतः काढला नाही. ज्या महिलांनी त्या आंबलेल्या पिशव्या भरल्या होत्या, त्यांना त्यांनी पुढे बोलावले. मी माझ्या वाट्याची अळंबी रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात नेऊन भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात केली. पाहुण्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. तेव्हापासून आमच्या अंगणातला कचरा लोधिवलीला जाई आणि अळंबी होऊन आमच्याच स्वयंपाकघरात परत येई.

बाईंच्या स्वभावात एक मिस्कीलपणा आहे, तो त्यांच्या विज्ञानाइतकाच आमच्या उपयोगी पडला. मंदाताईंच्या सासूबाईंना शंका होती की हा पदार्थ श्रावणात चालतो की नाही. त्यांनी थेट बाईंनाच विचारले. बाई म्हणाल्या, “आजी, ते तुमच्या गुरवांना विचारा. ते माझ्या तोंडून ऐकायला नको. मी एवढंच सांगते, ही चालत नाय, बोलत नाय आणि हिला आईबाप नायत.”

आजींनी विचार केला. “म्हंजे कांद्यासारखी म्हना की,” त्या म्हणाल्या. “कांदा आमी श्रावणात खातो. कुनाला सांगत नाय.”

काही काळाने मी काम करत होते ते रिसॉर्ट विकले गेले. नव्या मालकांनी आपली माणसे आणली आणि आम्ही जुने सगळे घरी बसलो. मी कोणालाही कळवले नव्हते. तरी दोन-चार दिवसांत बाई आमच्या कळंबच्या घरी आल्या. चहा घेतला, माझ्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली, परसातल्या केळी पाहिल्या. नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही. निघताना उंबऱ्याशी चप्पल घालता घालता म्हणाल्या, “रंजना, पिशव्या भरायला माणसं मिळतील मला. पण माल बिघडायच्या आधी वासावरून ओळखणारं माणूस मिळत नाय. तू इतकी वर्षं स्वयंपाकघर सांभाळलंस. सोमवारपासून येशील का?”

त्यांना माझी कीव आली असती तर मी गेले नसते. त्यांनी मला माझी किंमत सांगितली, म्हणून मी गेले. आज शेडची सगळी जबाबदारी माझ्याकडे आहे. पण तिथे मी प्रथम कामाला गेले ती अशी.

आता जो प्रसंग सांगणार आहे, तो या परिसरातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्यात बाई कशा वागल्या, हे फार थोड्यांनी जवळून पाहिले. एका पावसाळ्यात घाटाखालच्या एका वाडीतले कुटुंब अळंबी खाऊन आजारी पडले. सुमन, तिचे पती आणि सासरे, तिघांनाही दवाखान्यात ठेवावे लागले. त्यांनी शेताच्या बांधावर उगवलेली रानटी अळंबी उपटून आणली होती. डॉक्टरांना त्यांनी तसे सांगितलेही होते. बाहेर मात्र वेगळेच पसरले. “लोधिवलीच्या बाईंची अळंबी खाल्ली,” असे लोक बोलू लागले. कोणी म्हणाले, कचऱ्यावर पिकवतात, विष होणारच. कोणी त्याहूनही वाईट बोलले, ते इथे लिहीत नाही. दोन दिवसांत आमची अळंबी घेणाऱ्या आसपासच्या रिसॉर्टवाल्यांनी माल नको म्हणून कळवले. गटातल्या दोघींना घरच्यांनी शेडवर येऊ दिले नाही.

मी संतापले होते. बाईंना म्हणाले, “सुमन तुमचीच विद्यार्थिनी ना? दवाखान्यात जाऊ. तिच्याकडून चार लोकांसमोर वदवून घेऊ की ती रानातली होती.”

बाई दवाखान्यात गेल्या. मीही बरोबर होते. त्यांनी सुमनच्या कपाळावर हात ठेवला, तिच्या सासऱ्यांची विचारपूस केली, घरी मुलांकडे कोण आहे ते विचारले. अळंबीचा विषय त्यांनी काढलाच नाही. बाहेर आल्यावर मी विचारले, “बाई, बोलला का नाही?”

“आजारी माणसाला साक्षीला उभं करायचं नसतं,” त्या म्हणाल्या. “ती आधीच मनातून खजील झालीय. घरातल्यांना तिनंच शिजवून घातलं होतं.”

“मग आपली शेड बंद पडू द्यायची?”

“विकणं थांबवू थोडे दिवस. लोक घाबरलेत. घाबरलेल्या माणसाच्या गळ्यात माल मारायचा नाय.”

पण शेडमधली अळंबी कोणासाठी थांबत नाही. रोज सकाळी घोस तयार होत. आम्ही ती आपापल्या घरी खाल्ली, उरलेली चुलीच्या मंद शेकावर वाळवली. सुमनची मुले शेजाऱ्यांकडे होती. बाई त्यांना रोज डाळ-भात पाठवत. एके सकाळी शेडमध्ये बाई मला एकट्याच दिसल्या. नव्या पिशव्या भरायच्या की नाही, हे ठरत नव्हते, आणि त्या रिकाम्या दोऱ्यांकडे पाहत उभ्या होत्या. माझी चाहूल लागताच म्हणाल्या, “भरू या. पुढचं पुढे बघू.” त्यांच्या आवाजात मी त्या एका दिवशी थकवा ऐकला.

या सगळ्यात दाऊदभाई गप्प होते. ते एस.टी.तले निवृत्त चालक. चौक, खोपोली, कर्जत, सगळीकडची माणसे त्यांना ओळखतात. त्यांनी अळंबीला कधी तोंड लावले नव्हते, हेही सगळ्यांना माहीत होते. “मटणाचं सोंग मला नको,” असे ते चारचौघांत सांगत आणि बाईही हसून ऐकून घेत. त्या दिवशी दुपारी त्यांनी बाईंना डबा भरायला सांगितला. तो घेऊन ते जुन्या हायवेवरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. मंदाताई टपरीशेजारी भाजी घ्यायला गेल्या होत्या. पुढचे त्यांनी पाहिले ते असे.

दाऊदभाईंनी बाकावर बसून डबा उघडला आणि भाकरीचा तुकडा मोडला. टपरीवाल्याने विचारले, “काय चाचा, आज काय बेत?”

“बायकोची अळंबी.”

आजूबाजूची माणसे बघू लागली. एक जण म्हणाला, “चाचा, तुमी तर कदी खात नव्हता.”

“नव्हतो खात, कारण आवडत नव्हती,” दाऊदभाई म्हणाले. “तुमी खात नाय, ते भीतीनं. न आवडणं वेगळं, भिणं वेगळं. सगळी हयात मी घाटातून गाडी चालवली. माझ्या मागं बसताना तुमी कदी भ्यालात का?”

दाऊदभाईंनी सावकाश सगळा डबा संपवला, हात धुतले, चहा घेतला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच गप्पा मारत बसले. दुसऱ्या दिवशीही ते डबा घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी टपरीवाल्यानेच एक घास मागितला.

पहिल्याच दिवशी मंदाताईंनी धापा टाकत येऊन ही हकीकत सांगितली तेव्हा बाई बियाण्याच्या बाटल्या पुसत होत्या. त्यांनी ऐकून घेतले, हातातली बाटली पुसून फळीवर ठेवली आणि विचारले, “मीठ बरोबर होतं का?” दाऊदभाईंनी मला नंतर एकदा खाजगीत सांगितले की चव वाईट नसते, पण हे बाईंना कळवू नये. आता या ग्रंथात ते छापले जात आहे, त्याबद्दल त्यांनी मला क्षमा करावी.

सुमन बरी झाली. घरी आल्यावर मुलांच्या जेवणाचे तिला कळले. तेव्हा पतीला घेऊन ती आपण होऊन शेडवर आली. बाईंनी तिला खुर्ची दिली. ती म्हणाली, “बाई, तुमी मला काय इचारलं नाय, पन मी सांगनार हाय.” पुढच्या बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यांच्या रांगेत उभी राहून ती ज्याला त्याला सांगत होती, “आमी बांधावरची उपटून खाल्ली. बाईंची नाय.” हळूहळू रिसॉर्टवाल्यांचे फोन पुन्हा येऊ लागले. सुमन आता आमच्याबरोबर काम करते. नव्या माणसांना ओळख नसलेली रानटी अळंबी खाऊ नका, हे सांगण्याचे काम तिने स्वतःहून मागून घेतले आहे. तिच्याइतके परिणामकारक ते दुसऱ्या कोणाला जमत नाही.

बाईंकडे आता पनवेल-पेणकडूनही लोक शिकायला येतात. आलेल्यांना त्या आधी भरलेला घोस दाखवत नाहीत. हिरवी बुरशी चढलेली एक पिशवी त्यांनी खास ठेवलेली असते, ती बंद बरणीतून दाखवतात. एकदा एक तरुण उद्योजक गृहस्थ म्हणाले, “मॅडम, यशस्वी मॉडेल दाखवा ना.” बाई म्हणाल्या, “ते तुम्हाला कुणीही दाखवेल. हे मीच दाखवणार, कारण हे माझ्याकडे पुष्कळ झालंय.” ते गृहस्थ आज नेरळजवळ फार नेटकी शेड चालवतात आणि पिशवी बिघडली की आधी बाईंना फोन करतात.

या वर्षाच्या आरंभी बाईंच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. गेली काही वर्षे त्यांना अंधुक दिसत होते, पण त्या ते कबूल करत नसत. विश्रांती संपल्यावर त्या शेडमध्ये आल्या. आम्ही सगळ्या दारात उभ्या राहिलो होतो, ओवाळायला ताट तयार होते. बाई आत आल्या, त्यांनी भिंती पाहिल्या, छताचे वासे पाहिले, कोपऱ्यातली जळमटे पाहिली आणि माझ्याकडे वळल्या.

“रंजना, इतकी घाण होती इथं? आणि तुम्ही मला सांगितलं नाय?”

“बाई, तुम्हाला दिसत नव्हतं, तोवर आम्हालाही दिसत नव्हतं,” मंदाताई म्हणाल्या.

ओवाळणे बाजूला राहिले. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी शेड धुतली, चुना मागवला, भिंती रंगवल्या. बाई खुर्ची टाकून मध्ये बसल्या होत्या आणि राहिलेला प्रत्येक डाग बोटाने दाखवत होत्या. दुपारी सगळ्यांनी तिथेच बसून जेवण केले. चुन्याने पांढरे झालेले आमचे चेहरे बघून त्या इतक्या हसल्या की दाऊदभाई चौकशी करायला आले.

या वर्षी त्यांनी काजूच्या बोंडांचा चोथा वाळवायला घेतला आहे. तो फसेल की साधेल, हे अजून कळायचे आहे. बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त मी त्यांना आमच्या सगळ्यांच्या वतीने वंदन करते. दाऊदभाईंना आणि त्यांना दोघांनाही ठणठणीत प्रकृती लाभो, गुडघे कुरकुर न करोत, जेवणाची गोडी टिकून राहो. आणि बाईंच्या त्या नव्या डोळ्यांना, पुढची पुष्कळ पुष्कळ वर्षे, आमच्या चुका अशाच स्पष्ट दिसत राहोत.